‘गेलं’ म्हणण्यापूर्वी

मराठीतल्या ‘जाणे’ या क्रियापदाइतके राबणारे क्रियापद दुसरे नसेल. वीज जाते, नळाचे पाणी जाते, तोल जातो, आवाज जातो, एस.टी. जाते आणि माणूसही जातो. यांतले काही जाऊन परत येणारे असते, काही कायमचे. क्रियापद मात्र दोघांना एकच. ‘वीज गेली’ म्हटल्यावर आपण मेणबत्ती लावतो आणि वाट पाहतो. ‘अण्णा गेले’ म्हटल्यावर वाट पाहत नाही. माणसांच्या आणि विजेच्या बाबतीत हा भेद आपल्याला न सांगता कळतो. घोटाळा होतो तो यंत्रांच्या बाबतीत. मिक्सर गेला, पंखा गेला, टी.व्ही. गेला असे कुणी म्हणाले, की तो विजेसारखा गेला की अण्णांसारखा, हे कळायला काही मार्ग नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, त्यांनाही या अडचणीची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या काळी घरात बिघडण्यासारखे यंत्र म्हणजे फार तर एखादे घड्याळ.

आमच्या घरी यंदा गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात ग्राफिक्स कार्ड गेले.

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना आमचे घर ठाऊक आहे. नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. नंदुरबारच्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घ्यावे तितके पैसे, आणि सुट्टी लागली की विद्यार्थ्यांबरोबर पगारालाही सुट्टी. थोरली मुलगी नाशिकला आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. (वास्तुशास्त्र म्हटले की आमच्या आळीतल्या बायका तिला देव्हाऱ्याची दिशा विचारतात, म्हणून मीही आता आर्किटेक्चरच म्हणतो.) तिच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढलेले आहे. तिने शेवटच्या प्रकल्पासाठी विषय घेतला तो सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचा. तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या त्या यात्रेत दूरदूरचे व्यापारी घोडे घेऊन येतात. तिथे माणसांना आणि जनावरांना निवारा कसा असावा याचा आराखडा तिने केला होता. आराखडा तयार होता, पण त्याची नऊ मोठी रंगीत चित्रे संगणकावर उतरवायची राहिली होती. त्यासाठी ती घरी आली होती, कारण तिचा मोठा संगणक घरीच असतो. अकरा दिवस हातात होते.

आता ‘चित्रे उतरवणे’ म्हणजे काय, हे मी तिच्याकडूनच समजून घेतले आहे. ऊन कुठून येते, पत्र्यावरून किती परतते, भिंतीवर सावली किती गडद पडते, याचा हिशेब संगणक प्रत्येक ठिपक्यापाशी करतो. आपल्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे २० लाख ७३ हजार ६००. नुसते सिनेमा पाहतानाही हे सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपके झाले. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो एखाद्या विद्वान प्राध्यापकासारखा आहे. कठीण प्रश्न एकेक करून सोडवील, परंतु पाचशे उत्तरपत्रिका एका रात्रीत तपासा म्हटले तर हात टेकील. ग्राफिक्स कार्ड म्हणजे तपासनिसांचा भरगच्च मांडव. प्रत्येकाची बुद्धी बेताची, पण हजारो जण एकाच वेळी बसून एकसारखे काम करतात. याच कारणाने अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचा सारा पसारा या कार्डांच्या खांद्यावर उभा आहे. मुलीचे एक चित्र कार्डावर चाळीस मिनिटांत होते; कार्डाशिवाय एका चित्राला अख्खी रात्र आणि वर दुसरा अर्धा दिवस.

मराठीच्या मास्तराला या कार्डाचे एवढे प्रेम का, असे कुणी विचारील. त्याला कारण आहे, आणि ते पुण्यात घडलेले आहे. १९८१ साली आय.बी.एम.ने पर्सनल संगणक बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पडद्यावर ८० अक्षरांच्या २५ ओळी मावत. अक्षरांचे साचे कार्डावरच्या एका चिपमध्ये कायमचे कोरलेले होते आणि ते रोमन होते. एका चौकोनात एक अक्षर, असा तो हिशेब. आपली देवनागरी त्या चौकोनात कशी बसावी? वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चार नंतर करायचा. रफार पुढच्याच्या डोक्यावर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ तर दोन-दोन अक्षरांचे संसार. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये या प्रश्नावर काम झाले आणि १९८३ साली देवनागरी संगणकाचा नमुना तयार झाला. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. परम नावाच्या महासंगणकामुळे तिचे नाव सर्वांना माहीत आहे, पण मला तिचे मोठे वाटते ते ‘जिस्ट’ कार्डासाठी. मोहन तांबे हे त्या कामातले प्रमुख नाव. हे कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले, की त्या काळचे इंग्रजी लेखनाचे आणि हिशेबाचे प्रोग्रॅम देवनागरीत बोलू लागत. आणि एवढेच नव्हे, तर तोच मजकूर कळ फिरवून तमिळ किंवा बंगाली लिपीत दिसे, कारण सर्व भारतीय लिप्यांना एकच सांकेतिक क्रम दिलेला होता. तो क्रम १९९१ साली भारतीय मानक म्हणून ठरला. आज आपण मोबाइलवर मराठी लिहितो ते ज्या युनिकोडच्या आधारे, त्यातल्या देवनागरीच्या मांडणीचा पायाही याच क्रमाच्या १९८८ सालच्या आवृत्तीवर घातलेला आहे. तात्पर्य, एके काळी कार्ड बसवल्याशिवाय संगणकाला ‘श्री’ काढता येत नव्हता. तेव्हा मराठीच्या मास्तरांनी तरी ग्राफिक्स कार्डाला पोरांच्या खेळातले चैनीचे खेळणे म्हणून हिणवू नये.

असो. आमच्या कार्डाकडे वळतो.

पहिल्या दिवशी झाले ते असे. चित्र उतरवायला लावले आणि पाचसहा मिनिटांत पडदा काळा झाला. संगणक मात्र चालू होता; लावलेले गाणे सुरूच होते. पडदा काळा आणि गाणे चालू, असा तो नाट्यगृहातल्यासारखा प्रसंग. कार्डाचे पंखे एकाएकी विमानासारखे घोंघावू लागले. बंद करून पुन्हा चालू केले, सगळे ठीक. पुन्हा चित्र लावले, पुन्हा अंधार. तिसऱ्या दिवशी मजल अशी गेली, की विंडोज उघडते न उघडते तोच पडदा काळा.

मुलीने एकेक गोष्ट क्रमाने तपासली, ते पाहण्यासारखे होते. आधी मॉनिटर. त्याचा दिवा लागत होता आणि पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे येत होती. म्हणजे मॉनिटर जिवंत, त्याला कुणी काही सांगत नव्हते इतकेच. मग केबल बदलून पाहिली. मग कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबली. तिचा दिवा लागे आणि विझे. तेव्हा संगणकाचा मेंदूही शुद्धीवर होता. नंतर तिने मॉनिटरची केबल कार्डातून काढून पेटीच्या मागे मदरबोर्डाच्या स्वतःच्या भोकात लावली. बऱ्याच प्रोसेसरांत बेताची चित्रे काढण्याची सोय उपजतच असते. (सगळ्यांत नसते, हे लक्षात ठेवावे. शिवाय काही मदरबोर्ड कार्ड बसवलेले असेपर्यंत आपले तोंड उघडत नाहीत. तिथे आधी कार्ड काढावे लागते.) आमच्याकडे चित्र आले. विंडोजच्या उपकरणांच्या यादीत पाहिले, तर कार्डाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि ‘कोड ४३’. त्याचा अर्थ, या उपकरणाने काहीतरी अडचण कळवली म्हणून विंडोजने त्याला थांबवले आहे. अडचण कोणती, ते सांगण्याची पद्धत नाही. सरकारी पत्रासारखा मजकूर.

कोड ४३ पुष्कळदा ड्रायव्हरमुळेही येतो. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि कार्ड यांच्यातला दुभाषा. तो बिघडला, किंवा नव्या दुभाष्याला जुन्या कार्डाची बोली समजेनाशी झाली, की दोन्ही पक्ष शहाणे असूनही बोलणे बंद पडते. तिने जुना ड्रायव्हर मुळापासून काढला आणि नवा घातला. त्रिकोण गेला. आम्ही चहा ठेवला. चहाला उकळी येण्याच्या आत पडदा काळा.

मग पेटी उघडली. इथे वाचकांना दोन सूचना. वीजपुरवठ्याची वायर भिंतीतून काढायचीच, आणि ती काढल्यावर संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरायचे, म्हणजे उरलासुरला भार निघून जातो. दुसरे, आतल्या कशालाही हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करायचा. आपल्या अंगावरची स्थिर वीज आपल्याला जाणवतही नाही, पण चिपला ती पुरे होते. पेटीत धूळ होती आणि ती तांबूस होती. नंदुरबारची मिरची ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगायला नको. हिवाळ्यात गावाबाहेर पथारींवर लाल मिरचीचे गालिचे पसरलेले असतात आणि वारा फिरला की आमच्या बाजूची अर्धी वस्ती शिंकते. मुलीने ब्रशने धूळ झाडली, आणि सौ. स्वयंपाकघरातून ‘फोडणी कसली जळली?’ म्हणत बाहेर आल्या.

कार्ड ज्या खाचेत बसते तिच्या टोकाला एक लहानशी खिटी असते. ती दाबल्याशिवाय कार्ड ओढले तर खाच मोडते. खिटी दाबून कार्ड काढले, त्याच्या सोनेरी दातांवरून पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवले, भुगा नीट झाडला आणि ‘कट्’ आवाज येईतो पुन्हा बसवले. दुरुस्तीवाल्यांचा हा जुना उपाय आहे आणि दहांतल्या काही वेळा त्यानेच काम भागते. आमचे भागले नाही.

तेव्हा पेटी रिक्षात घालून आम्ही एका दुकानात नेली. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तिथल्या तरुणाने संगणक चालू केला, पडदा काळा झालेला पाहिला, कार्डाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, ‘‘पंखेसुद्धा फिरत नाहीत. कार्ड गेलं.’’ मग त्याने कार्ड काढून ठेवले, केबल मदरबोर्डाला लावली आणि चित्र आणून दाखवले. ‘‘बघा सर. कार्ड काढलं की सगळं ठीक. म्हणजे कार्डच गेलं.’’ नवे कार्ड अठ्ठावीस हजारांना. जुने कार्ड ठेवून घेऊन तो तीन हजार कमी करणार होता.

अठ्ठावीस हजार हा आकडा तासिका तत्त्वावरच्या माणसाने ऐकला, की तो मनातल्या मनात त्याचे तास करतो. मी केले. ते दिवाळीच्या पलीकडे जात होते. मुलगी काहीच बोलली नाही. ते कार्ड तिने स्वतःच्या पैशांनी घेतले होते, दुसऱ्यांचे नकाशे काढून देऊन मिळवलेल्या. घेतले तेही जुने. २०२० ते २२ या काळात आभासी चलन ‘खणण्यासाठी’ लोकांनी ही कार्डे डझनांनी विकत घेतली आणि किमती आभाळाला भिडवल्या. मग १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम नावाच्या चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांनी खणण्याचे काम एका दिवसात संपले आणि ती सगळी कार्डे जुन्या बाजारात आली. त्यांतलेच हे एक असावे. त्यामुळे कार्डाचा पूर्वेतिहास संशयास्पद होता, आणि गावात चोरी झाली की पहिल्यांदा सुटून आलेल्या कैद्यालाच धरतात. दुकानातल्या तरुणाने तेच केले.

मला मात्र त्या तीन हजारांचे कोडे सुटेना. जे गेले त्याला तीन हजार कोण देतो? अण्णा गेल्यावर त्यांचे कुणी दागिन्यांसारखे वजन करीत नाही. आम्ही पेटी घेऊन परत आलो.

संध्याकाळी आप्पा आले. आप्पा आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होते. निवृत्त होऊन चार वर्षे झाली, पण कॉलेजातला प्रोजेक्टर अजून त्यांच्याशिवाय चालू होत नाही. दारातूनच त्यांनी अहिराणीत विचारले, ‘‘काय जयं सर?’’ मुलीने सारी हकीकत सांगितली. आप्पा ऐकत होते. सारे ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘‘पंखे फिरत नाहीत हा काही पुरावा नाही. आताची बरीच कार्डं थंड असली की पंखे मुद्दाम बंद ठेवतात.’’ मग थोडा वेळ गप्प राहून ते जे म्हणाले, ते मला तर्कशास्त्राच्या पुस्तकात घालावेसे वाटते.

‘‘कार्ड काढलं की ठीक चालतं, बरोबर. पण कार्ड काढलं तेव्हा पेटीतून एकच वस्तू निघाली का? कार्डाबरोबर त्याची भूकही निघाली.’’

ही भूक किती असते ते सांगतो. कार्डाच्या खाचेतून त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. मोठ्या कार्डांना तेवढ्याने होत नाही, म्हणून त्यांना वरून आणखी एक जाड वायर जोडतात; आठ पिनांची असली तर तिच्यातून १५० वॅटपर्यंत मिळतात. आमचे कार्ड भरात आले की १७० वॅट खाते, म्हणजे घरातल्या दोन जुन्या छतपंख्यांहून अधिक. आणि क्षणभर त्याच्याही वर उडी मारते. हे सगळे पुरवायचे ते एस.एम.पी.एस. नावाच्या डब्याने. पेटीच्या कोपऱ्यात हा पत्र्याचा डबा असतो, त्याच्यावर कुणाची नजर जात नाही. भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशी वाटणी करतो. घरातल्या कर्त्या माणसासारखे त्याचे आहे. चालते आहे तोवर कुणी विचारत नाही. आमच्याकडचा डबा सहा वर्षांचा होता. त्याच्या पोटात कपॅसिटर असतात, त्यांच्यात एक द्रव असतो आणि तो उष्णतेने हळूहळू वाळतो. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा इंजिनियर लोकांचा ढोबळ हिशेब आहे. नंदुरबारच्या मे महिन्यात ४३-४४ अंश बाहेर असतात. पेटीच्या आत किती होत असतील याची कल्पना करावी.

पण आप्पा अनुमानावर थांबणारे नव्हेत. ‘‘आधी कार्डाला निर्दोष ठरवू,’’ ते म्हणाले, ‘‘मग डब्याकडे जाऊ.’’

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्ड जुन्या टॉवेलात गुंडाळून फ्लेक्सवाल्याकडे नेले. गावातल्या सगळ्या नवरात्र मंडळांचे फलक त्याच्याकडे छापून होतात. भावी नगरसेवकांचे चेहरे तो रात्ररात्र जागून गोरे करतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे दणकट संगणक आहे. त्याने आपले कार्ड काढले आणि आमचे बसवले. मुलीने पेन ड्राइव्हवरून आपले चित्र लावले. पाच मिनिटे झाली. सहा झाली. कुणी बोलेना. पत्र्याच्या छपराखाली उन्हाची तिरीप हळूहळू उमटत गेली, आणि चाळीस मिनिटांनी चित्र पुरे झाले. तेवढ्या वेळात फ्लेक्सवाल्याची तीन गिऱ्हाइके खोळंबली. पण तो माणूस चित्राकडेच पाहत होता. म्हणाला, ‘‘ताई, हे आपल्या सारंगखेड्यात खरंच बांधणार आहेत का?’’

आप्पा एवढेच म्हणाले, ‘‘कार्ड मरेल नही शे, सर.’’

एका गोष्टीची पारख झाली, दुसरी राहिली. कार्ड चांगले, म्हणजे डबाच वाईट, असे अजून सिद्ध झालेले नव्हते. खाच वाईट असू शकते, वायर वाईट असू शकते. आप्पांनी घरून मल्टिमीटर आणला. डब्यातून निघणाऱ्या एका मोकळ्या जोडाच्या पिवळ्या आणि काळ्या वायरला त्याची टोके लावली. पिवळी म्हणजे १२ व्होल्टची. संगणक नुसता चालू असताना मीटरवर १२.१ होते. मुलीने चित्र लावले. ११.८. ११.५. मग ११.२, आणि पडदा काळा. नियमाप्रमाणे १२ व्होल्टच्या रेषेत पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे ११.४ च्या खाली ती जाता कामा नये. बापडे कार्ड चार दिवस उपाशीपोटी ओरडत होते, आणि आम्ही सगळे त्याच्या चारित्र्याविषयी बोलत होतो. पडदा काळा होतानाचे ते पंख्यांचे घोंघावणे आठवा.

जाता जाता एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तरुण मंडळी ती करतात. ‘गेलेले’ कार्ड भट्टीत भाजले की जिवंत होते, असा एक इलाज लोकांत फिरत असतो. त्याच्यामागे तथ्याचा एक कण आहे. चिप आणि पाटी यांच्यामधले कथिलाचे सूक्ष्म मणी सारखे तापून आणि निवून तडकतात. २००८ साली एनव्हिडियासारख्या बड्या कंपनीला अशाच कमकुवत जोडांपायी १५ ते २० कोटी डॉलरचा खर्च धरावा लागला होता. भट्टीत घातल्यावर एखादे कार्ड चार दिवस चालतेही. पण ते पुन्हा बंद पडते, आणि ज्या भट्टीत आपण नानकटाई करतो तिच्यात कथिलाचा आणि प्लॅस्टिकचा धूर कोंडतो. पडद्यावर रंगीत चौकटी आणि ठिपके दिसू लागले, आणि दुसऱ्या संगणकावरही तेच दिसले, तर चिप किंवा तिची स्मृती खरोखर आजारी आहे असे समजावे आणि दुरुस्तीवाल्याकडे जावे. आमच्या चित्रांत तसले काही नव्हते. एकतर स्वच्छ चित्र, नाही तर स्वच्छ अंधार.

नवा डबा नंदुरबारात हव्या त्या ताकदीचा मिळाला नाही. सुरतेला भाचा असतो, त्याला फोन केला. त्याने तो घेतला आणि रविवारी भुसावळकडे येणाऱ्या गाडीने स्वतःच घेऊन आला. ६५० वॅटचा, चार हजार तीनशे रुपयांना. हा आकडाही लहान नव्हे, पण त्याचे तास मोजताना मला दिवाळी ओलांडावी लागली नाही. सौ.नी त्याला शेवभाजी केली आणि संगणकाचे पुढे काय झाले ते पाहिल्याशिवाय उठू नको म्हणाल्या.

डबा बदलायला आप्पांना अर्धा तास लागला. त्यांनी एक ताकीद मुलीला दिली ती इथे देतो: हा डबा घरी कुणी उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरात तीनशेहून अधिक व्होल्टचा भार साठलेला असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. डबा दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो. स्वतः आप्पांनी मात्र आमचा जुना डबा घरी नेला, दोन दिवसांनी त्यातले दोन कपॅसिटर कागदात बांधून आणले आणि मुलीच्या हातावर ठेवले. त्यांचे माथे सपाट असायला हवे ते पुरीसारखे फुगले होते, आणि एकाच्या शेंड्यावर तपकिरी खळ सुकली होती.

त्या रविवारी रात्री मीटरवर भरात असताना ११.९ होते आणि ते तिथेच राहिले. एक वाजेपर्यंत दोन चित्रे झाली. भाचा खुर्चीतच झोपला. मंगळवारी नऊही चित्रे तयार होती आणि हातात चार दिवस उरले होते. आप्पांना ती पाहायला बोलावले. त्यांनी चष्मा पुसून एकेक चित्र निवांत पाहिले, पाचव्याशी थांबले. चित्रात एका बाजूला पांढरी घोडी बांधलेली होती, तिच्यावर छपराची सावली होती, मागे तापीचे पात्र होते.

‘‘छान आहे,’’ आप्पा म्हणाले. ‘‘पण ही पाणी कुठं पिणार? नदीपर्यंत घोडी सोडून न्यायची म्हटली तर एवढ्या गर्दीत अर्धा तास जाईल.’’

मुलीने चित्राकडे पाहिले, आराखडा उघडला आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून दगडी हौद काढायला घेतला. तो दोन चित्रांत दिसत होता, म्हणून दोन्ही पुन्हा उतरवावी लागली. दोन्ही मिळून ऐंशी मिनिटे लागली.